फवारणीची नोंदवही अरबीतून ठेवायची आहे, शब्द कसे शिकावेत?

बातिनाकर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

मी संगमनेरची. कीटकशास्त्रात एमएस्सी केलं आणि तीन वर्षांपासून ओमानच्या बातिना किनाऱ्यावर एका खजुराच्या बागेत पीक-संरक्षण बघते. बोलण्यापुरती अरबी येते, म्हणजे पाणी सोडा, ट्रॅक्टर आणा, हिशेब उद्या करू. मजूर बहुतेक बांगलादेशी आणि पाकिस्तानी, त्यांच्याशी हिंदी. डब्यांवर एका बाजूला इंग्रजी असतंच, त्यामुळे अरबी बाजूकडे मी आजवर वेलबुट्टी म्हणूनच बघत आले.

आता फवारणीची नोंदवही माझ्याकडे आली आहे आणि ती अरबीतून ठेवायची आहे. त्यातच मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती आता. एका डब्याची इंग्रजी बाजू औषध सांडून पुसली गेली होती. अरबी बाजूला मात्रा होती, तिथे मला आधी शून्य दिसलं आणि पुढे टिंब. मला वाटलं शून्य पूर्णांक काहीतरी, पुढचा आकडा गेला असेल. शेजारच्या इजिप्शियन हिशेबनिसांना दाखवलं तर ते खो खो हसले. ते ५० होतं. अरबी पाच म्हणजे आपलं शून्य, आणि अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब!

रोज तीस शब्द पाठ करायला घेतले आहेत. रविवारी पाठ केलेले गुरुवारपर्यंत उडून जातात. बाजारातल्या 'तीस दिवसांत अरबी' छाप पुस्तकांत विमानतळ आणि हॉटेलच आहे. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

घाटावरचा | रविवार, रात्री ९:४०

मोबाइलचा कॅमेरा धरा, भाषांतर समोर येतं. एवढा खटाटोप कशाला?

बातिनाकर | रविवार, रात्री ९:५८

गोदामात रेंज नाही. आणि धरला होता कॅमेरा. एका डब्यावर 'द्रव केंद्र' असं भाषांतर आलं. नोंदवहीत काय लिहू, केंद्र फवारलं म्हणून?

जुना_दुभाष्या | सोमवार, सकाळी ७:०५

कॅमेऱ्याचा दोष नाही. 'मरकझ' म्हणजे केंद्र आणि 'मुरक्कझ' म्हणजे संहत, तीव्र केलेलं. लिहिताना दोन्ही हुबेहूब सारखे, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. संदर्भ कळणाऱ्यालाच वाचता येतं.

मी बावीस वर्षं कुवेतमध्ये काढली, त्यातली बरीचशी शेती आणि पाणी या विषयांची कागदपत्रं भाषांतरित करण्यात. ताई, रोज तीस शब्दांचा नाद आधी सोडा. अरबी शब्द सुटा शिकायचाच नसतो, तीन व्यंजनांचा धातू धरायचा. तो धातू बऱ्याचदा तुमच्या घरात आधीच असतो.

सुरुवात डब्यावरच्या सगळ्यात मोठ्या शब्दापासून करू. 'मुबीद' म्हणजे नायनाट करणारा, अनेकवचन 'मुबीदात'. 'मुबीदात अल-आफात' म्हणजे पेस्टिसाइड्स. यातली 'आफा' म्हणजे आपली आफत. अरबांच्या लेखी पिकावरची कीड, रोग, तण, उंदीर सगळं आफतच, आणि आपल्या आजीच्या लेखीही तेच. पुढे फक्त कोणाचा नायनाट ते जोडायचं: 'हशरिय्या' लागलं की कीटकनाशक, 'फुत्रिय्या' लागलं की बुरशीनाशक, 'आशाब' म्हणजे गवतं, म्हणून 'मुबीदात आशाब' तणनाशकं. उंदीर-घुशींना 'कवारिद' म्हणतात, म्हणजे कुरतडणारे. या धातूतून अरबीत 'कर्द' झाला आणि तोच फारसीमार्गे आपल्याकडे 'कर्ज' होऊन आला. कर्ज माणसाला कुरतडतं हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता नोंदवहीकडे या. फळात उरलेला कीटकनाशकाचा अंश म्हणजे 'मुतबक्कियात'. मधला 'बक्की' ऐकू येतोय? तीच आपली बाकी, थकबाकीतली. त्या अंशाची कमाल मर्यादा म्हणजे 'अल-हद्द अल-अक्सा'. हद्द आपलीच, अक्सा म्हणजे सर्वांत दूरची. फवारणीनंतर शेतात पुन्हा कधी शिरायचं, ती मुदत 'फत्रत इआदत अद-दुखूल', आणि 'दुखूल' म्हणजे दाखल होणं. डब्यावर 'तारीख अल-इंताज' म्हणजे उत्पादनाची तारीख, 'तारीख अल-इंतिहा' म्हणजे मुदत संपल्याची. ज्या वहीत हे सगळं लिहायचं ती 'दफ्तर'. आपण मुलांच्या पाठीवर देतो तेच.

तुम्ही कीटकशास्त्र शिकलात, म्हणजे खरीप-रब्बी हजार वेळा लिहिलं असेल. 'खरीफ' म्हणजे शरद आणि 'रबीअ' म्हणजे वसंत, दोन्ही शुद्ध अरबी. ओमानमध्येच सलालाहला जाऊन विचारा. तिथे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी डोंगर हिरवे होतात, त्या हंगामालाच 'खरीफ' म्हणतात. 'मोसम'ही त्यांचाच.

नुक्ता | सोमवार, सकाळी ११:३०

दुभाष्याकाका, सुंदर. पण एक खुंटी ठोकून ठेवते, नाहीतर ताई उद्या मराठीच्या जोरावर भलतंच वाचतील. शब्द ओळखीचा वाटला की अर्थही ओळखीचा, असं अजिबात नाही.

'गरीब' घ्या. अरबीत याचा अर्थ परका, विचित्र. पर्यावरणाच्या कागदांत 'अल-अन्वा अल-गरीबा अल-गाझिया' असा प्रयोग दिसेल. तो बाहेरून येऊन पसरणाऱ्या आक्रमक प्रजातींबद्दल असतो. परक्या आणि स्वारी करणाऱ्या. गरिबीशी संबंध नाही, उलट त्या चांगल्याच माजलेल्या असतात.

'काइदा' म्हणजे पाया. रसायनशास्त्रात आम्लाच्या विरुद्ध तो 'बेस', त्यावरून 'काइदी' म्हणजे अल्कधर्मी. फवारणीचं पाणी काइदी आहे असं लिहिलं तर ते कायदेशीर आहे असा अर्थ घेऊ नका :) अल्कधर्मी पाण्यात ऑर्गॅनोफॉस्फेट्स (कीटकनाशकांचा एक गट) लवकर विघटित होतात, त्यामुळे हा शब्द लागणारच.

'रक्म' म्हणजे अंक, आपल्याकडे त्याची रक्कम झाली. तुम्हाला फसवणाऱ्या त्या पाचाला आणि टिंबाला अरब 'अर्काम हिंदिय्या' म्हणतात, हिंदी आकडे. म्हणजे चूक आपल्याच माहेरची. आणखी एक: मजकूर उजवीकडून डावीकडे, पण आकडा डावीकडूनच वाचायचा. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात व्ही अक्षरासारखा, आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. मी बोटावर शाईने लिहून ठेवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'मुबीद' ज्या धातूचा, त्याचंच नाम 'इबादा', म्हणजे समूळ संहार. वंशसंहारालाही हाच शब्द वापरतात. आपल्या ओळखीचं 'इबादत', म्हणजे उपासना, ते वेगळ्या धातूचं, घशातून येणाऱ्या 'ऐन'ने सुरू होणारं. देवनागरीत दोन्ही जुळी भावंडं दिसतात. म्हणून देवनागरीत लिहून पाठ करू नका. लिपी आधी.

मायमराठी_१ | सोमवार, दुपारी १:१५

एवढे अरबी-फारसी शब्द अभिमानाने मोजताय? शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून हेच शब्द बाहेर काढायला घेतले होते, हे विसरू नये.

घाटावरचा | सोमवार, दुपारी १:२२

मग तू बोलताना 'हद्द' वगळून नुसतं 'सीमा'च म्हणतोस ना?

जुना_दुभाष्या | सोमवार, दुपारी २:००

भांडू नका रे, धागा भरकटेल. उलट इथे आपलं आणि अरबांचं दुखणं एकच आहे. दमास्कसला १९१९ मध्ये आणि कैरोला १९३२ मध्ये भाषेच्या अकादमी निघाल्या, त्या याच खटपटीसाठी. दमास्कसच्या अकादमीचे मुस्तफा अश-शिहाबी स्वतः शेतीतज्ज्ञ होते. त्यांनी १९४३ मध्ये फ्रेंच-अरबी शेतीशब्दांचा कोश काढला. 'कीटकनाशक' घडवणाऱ्या मराठी माणसाला त्यांची अडचण नक्की कळली असती. आता पुढे.

माडाखालचा | सोमवार, संध्याकाळी ६:४५

ताई खजुराच्या बागेत आहेत म्हणून लिहितो. आमच्याकडे देवगडला माडात जो सोंड्या भुंगा लागतो, तोच तुमच्याकडे खजुरात. मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियातला. १९८०च्या दशकाच्या मध्यात आखातात पोचला आणि खजुराचा सगळ्यात मोठा वैरी झाला. अळी खोडाच्या आत पोखरत राहते, बाहेर दिसेपर्यंत झाड गेलेलं असतं. माझा मावसभाऊ तिकडे काम करायचा, तो 'सूसा, सूसा' म्हणायचा. ते काय?

नुक्ता | सोमवार, रात्री ८:१०

'सूसत अन-नखील अल-हम्रा', खजुराचा लाल भुंगा. 'सूसा' म्हणजे पोखरणारा भुंगेरा, धान्यातला सोंडकिडासुद्धा. याच धातूवरून दात किडण्याला 'तसव्वुस' म्हणतात. आपणही दाताला कीड लागली असंच म्हणतो, त्यामुळे हा शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही.

बातिनाकर | सोमवार, रात्री ८:३०

बागेत दिवसातून वीस वेळा ऐकते हा शब्द. दाताचं माहीत नव्हतं. नुक्ता, तुम्ही 'परक्या प्रजाती' म्हणालात त्यावरून एक. इथे कुंपणाला वेडी बाभूळ माजली आहे आणि तिला लोक 'गाफ बहरी' म्हणतात. खरा 'गाफ' म्हणजे आपली शमी! दसऱ्याला फोटो पाठवला तर आईने इथूनच नमस्कार केला. शेजारच्या अमिरातीत तो राष्ट्रीय वृक्ष आहे.

फवारा_अजमान | मंगळवार, रात्री १२:२०

ड्युटीवरून आत्ता आलो. मी शाळा नववीपर्यंत, अरबी डब्यांवरूनच शिकलो. आमच्या गाडीवर लिहिलेलं असतं 'मुकाफहत अल-आफात', आफतींशी झुंज. लोक फोन करतात तेव्हा कामाचे शब्द चारच: 'सरासीर' झुरळं, 'बक्क अल-फिराश' ढेकूण, 'नमल' मुंग्या, 'नमल अब्यद' म्हणजे पांढऱ्या मुंग्या, आपली वाळवी. 'फार' म्हणजे उंदीर. 'उंदीर फार झालेत' असं मराठीत बोललो की अरबांना त्यातल्या 'फार'मध्येही उंदीरच ऐकू येतो.

पण गमतीत न घेण्यासारखं सांगतो. 'फुस्फीद अल-अल्यूमिन्यूम' असं लिहिलेलं काही दिसलं तर हात लावू नका, आणि कुणी खोलीतल्या ढेकणांसाठी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. या गोळ्या गोदामातल्या धान्यासाठी असतात. ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो आणि भिंतीच्या फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो. या देशात त्याने झोपेत माणसं गेली आहेत, मुलंसुद्धा. डब्यावर 'तिर्याक' हा शब्द शोधायची सवय लावा, तो म्हणजे विषावरचा उतारा. फॉस्फीनच्या बाबतीत त्या शब्दापुढे काही नसतं, कारण त्याला उताराच नाही.

मोठ्या अक्षरात 'खतर' असेल तर जहाल, 'तहझीर' असेल तर त्याखालोखाल. खतर तर आपल्याला कळतोच.

पांढरकवड्याची | मंगळवार, सकाळी ९:५०

वाचतेय, आणि एक गोष्ट टोचतेय म्हणून लिहिते. आमच्याकडे कापसावर विष मारलं असं कुणी म्हणत नाही. 'औषध मारलं' म्हणतात. ताईंनीही पहिल्याच पोस्टीत 'औषध सांडून' लिहिलंय. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. उंच वाढलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप, उघडं अंग. ज्याला औषध म्हणतो त्याची भीती कशी वाटणार? अरबीत त्याला सरळ 'नायनाट करणारा' म्हणतात हे वाचून मी थांबले.

दुसरं, रंगांवर विसंबू नका. आपल्याकडच्या डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. बाहेर बऱ्याच ठिकाणी लेबलाच्या तळाशी रंगीत पट्टा असतो. रंग तेच, पण माप वेगळं. आपला पिवळा म्हणजे तोंडावाटे एलडी-५० (प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा) वजनाच्या किलोमागे ५१ ते ५०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीवर बेतलेला पिवळा पट्टा साधारण ५० ते २००० पर्यंत जातो. म्हणजे आपल्याकडे निळ्यात बसणारं तिकडे पिवळ्यात दिसू शकतं.

आणि नुक्ता, गुलाबी बोंडअळीला अरबीत काय म्हणतात?

नुक्ता | मंगळवार, सकाळी १०:४०

'दूदत अल-लौझ अल-करनफुलिय्या'. दूदा म्हणजे अळी. लौझ म्हणजे बदाम, कापसाच्या बोंडाला इजिप्तमध्ये बदाम म्हणतात. करनफुल म्हणजे लवंग आणि कार्नेशनचं फूलही, इथे त्या फुलाचा गुलाबी रंग. आणि कापूस 'कुत्न', ज्याचं इंग्रजीत कॉटन झालं.

औषधाचं तुमचं म्हणणं पटलं. आता फवारतानाही मनात 'मुबीद' म्हणेन.

जुना_दुभाष्या | मंगळवार, दुपारी ४:१५

आता अभ्यास कशावर करायचा ते सांगतो. फुकट आणि उत्तम पाठ्यपुस्तक म्हणजे आंतरराष्ट्रीय करार. अरबी १९७३ पासून संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे. २००१ च्या स्टॉकहोम कराराचा अरबी मजकूर इंग्रजीइतकाच प्रमाण मानलेला आहे, भाषांतर म्हणून दुय्यम नाही. दोन्ही शेजारी ठेवून कलम कलम वाचा. पहिल्याच पानावर 'अल-मुलव्विथात अल-उद्विय्या अथ-थाबिता' भेटेल, टिकून राहणारी सेंद्रिय प्रदूषकं. 'उद्व' म्हणजे शरीराचा अवयव, त्यावरून सेंद्रिय. आपणही इंद्रियावरूनच सेंद्रिय केलं. 'थाबित' म्हणजे घट्ट, न ढळणारं. ते आपल्याकडे 'साबीत' झालं. सुरुवातीच्या बारा रसायनांत डीडीटी, आल्ड्रिन, एंड्रिन अशी बहुतेक कीटकनाशकंच होती, २०११ मध्ये एंडोसल्फान आलं. तुमचा विषय असल्याने अर्थ आधीच माहीत असतो, फक्त अरबी पोशाख ओळखायचा.

'मुलव्विथ' म्हणजे प्रदूषण करणारा आणि 'मुलव्वथ' म्हणजे प्रदूषित झालेला. फरक एका ऱ्हस्व स्वराचा, आणि तो लिहीत नाहीत. 'मियाह मुलव्वथा' म्हणजे दूषित पाणी. पाणी काही स्वतःहून प्रदूषण करत नाही, म्हणून वाचक बरोबर वाचतो. हा साचा एकदा डोक्यात बसला की शंभर शब्द एकदम सुटतात.

बातिन्यात पाण्याचे शब्द रोज लागतील. भूजलाला 'मियाह जौफिय्या' म्हणतात, जौफ म्हणजे पोटाची पोकळी, जमिनीच्या पोटातलं पाणी. उपसा फार झाला की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि विहिरी खारावतात, तो खारेपणा 'मुलूहा', मिल्ह म्हणजे मीठ. तुमच्या किनाऱ्याची ही जुनी व्यथा आहे. पिण्यायोग्य पाणी 'सालिह लि-श-शुर्ब', शरबतातला शरब ओळखालच.

रसायनांच्या नावांचं मात्र रडगाणं आहे. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पॅराक्वाटचं बाराक्वात, क्लोरपायरीफॉसचं क्लोरबिरीफोस. 'ग'ची तऱ्हा आणखी वेगळी: ग्लायफोसेट कैरोवाला 'जीम' या अक्षराने लिहितो, कारण तो जीमला ग म्हणतो, बैरूतवाला 'गैन'ने, कुणी 'काफ'नेही. एकाच गोदामात तिन्ही दिसतील. सुदैवाने 'थ' त्यांच्याकडे अस्सल आहे, म्हणून मलाथिऑन बिनचूक येतो.

दाणेदार, पावडर हे सोपं आहे. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या द्रावणाला मात्र 'मुस्तहलब' म्हणतात. 'हलीब' म्हणजे दूध. बादलीत ओतून बघा, शब्द विसरणार नाही.

बातिनाकर | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. पाठांतर बंद केलं. दोन दिवस गोदामात वही घेऊन फिरले आणि डब्याडब्यावर धातू शोधले. बादलीचा प्रयोगही केला, हातमोजे घालून :) हिशेबनिसांनी 'मुकावमा' शिकवला, किडीत येणारी प्रतिकारशक्ती. बातम्यांत हाच शब्द वेगळ्याच अर्थाने रोज कानावर पडतो.

आज पहिली नोंद स्वतः केली. लिपी अरबीच, इथे देवनागरीत देते, चुका काढा:

'अल-आफा: सूसत अन-नखील अल-हम्रा. नौ अल-मुबीद: मुबीद हशरिय्या. अल-जुरआ: ५० मिलि. फत्रत इआदत अद-दुखूल: २४ साआ.'

'जुरआ' म्हणजे मुळात घोट, हे कळल्यावर मात्रेच्या रकान्यात लिहिताना जरा विचित्र वाटलं.

जुना_दुभाष्या | बुधवार, रात्री १०:०५

एकच चूक. 'मुबीद' एकवचनी पुल्लिंगी आहे, म्हणून 'मुबीद हशरी'. 'हशरिय्या' लागतं ते अनेकवचनाला, 'मुबीदात हशरिय्या'. निर्जीवांचं अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागतं. आणि पाचाचा गोल मोठा काढा, शून्याचं टिंब बारीक. मागून येणाऱ्याला तुमच्यासारखंच वाचायचं आहे.

बातिनाकर | बुधवार, रात्री १०:१८

शाईने लिहून बसले होते. खाडाखोड चालेल का?

फवारा_अजमान | बुधवार, रात्री ११:४०

व्हाइटनर नको. एक आडवी रेघ मारा, वर बरोबर शब्द लिहा आणि शेजारी सही. आमच्या वहीत माझ्या सह्याच जास्त आहेत.